मागच्याचा दिवा

चौक ओलांडून तो जेमतेम शंभर पावलं पुढे आला असेल, तोच त्याच्या उजव्या आरशातला दिवा गेला. कुणी परका माणूस मोटरसायकलवरून मागून येत होता, सकाळच्या लख्ख उजेडात उगाच दिवा लावून, आणि तो डावीकडच्या गल्लीत वळला, एवढंच झालं होतं. पण याचा पाय डोक्याला न विचारता ब्रेकवर पडला, गाडी भर रस्त्यात उभी राहिली आणि मागून एका स्कूटरचं चाक येऊन नंबरप्लेटला टेकलं. धक्का म्हणावा तर नावापुरताच. स्कूटरवरच्या बाई मात्र उतरून पुढे आल्या. "अहो, मध्येच काय थांबलात? काही पडलं का तुमचं?" तो म्हणाला, "नाही, मागचा दिसेनासा झाला म्हणून..." "मागे मी होते," बाई म्हणाल्या, "आणि मी चांगली दिसतेय." माफी मागून त्याने मोटरसायकल पुन्हा सुरू केली, पण पुढचे दोन सिग्नल त्याला आपल्या पायाचाच संताप येत राहिला. आता थांबून काय उपयोग? वरातीमागून घोडं. तीन आठवड्यांपूर्वी, जिथे थांबायला हवं होतं तिथे हाच पाय ब्रेकवरून उचलला गेला होता, आणि आज कुणा अनोळखी माणसासाठी तो शहाण्यासारखा खाली गेला.

मागच्याचा दिवा आरशात दिसला पाहिजे, हा नियम मास्तरचा. मास्तर, थांब्या आणि तो, तिघं एका बाकावरचे. मास्तर पुढे खरोखरच मास्तर झाला, शाळेत भूगोल शिकवू लागला, आणि पोरांना शिस्त लावता लावता त्याला मित्रांनाही शिस्त लावायची खोड जडली. थांब्याचं नाव थांब्या पडलं ते शाळेतच, कारण कुठेही निघालं की हा मागे राहायचा आणि ओरडायचा, "अरे थांबा ना." कधी बुटाची नाडी सुटायची, कधी दप्तराचा पट्टा तुटायचा, आणि काहीच नाही झालं तर धाप लागायची. मोठेपणी तो शिंपी झाला, आणि असा झाला की त्याच्या कात्रीखालून गेलेला कोट अंगात घातला की माणूस आपोआप ताठ उभा राहतो, असं लोक म्हणत. आणि हा स्वतः लिफ्टचा तपासनीस. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट वर्षातून एकदा तपासायच्या, दोर तुटलाच तर डबा जागच्या जागी धरून ठेवणारा ब्रेक चालतो की नाही हे डोळ्यांनी बघायचं आणि मग सही करायची, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. जवळजवळ तितकीच वर्षं त्यांची मोटरसायकलची सफर लांबणीवर पडत आली होती. लग्नं झाली, पोरं झाली, म्हाताऱ्या आईबापांची दुखणी काढून झाली, आणि तिघांच्याही कानशिलांवर पांढरं आल्यावर मास्तरने एकदाचा नकाशा पसरून नऊशे किलोमीटरची रेघ ओढली. पुढे मी, मध्ये तू, शेवटी थांब्या. प्रत्येकाने मागच्याचा दिवा आरशात ठेवायचा. दिवा गेला की जागच्या जागी थांबायचं. तू थांबलास की तुझा दिवा मला दिसायचा नाही, मग मीही थांबेन. "आणि माझ्या मागे कोण?" थांब्याने विचारलं होतं. "तुझ्या मागे कुणी नको," मास्तर म्हणाला, "तुला बघणारा तुझ्या पुढे आहे." त्यावर तिघंही हसले होते. त्याला ते हसू आता आठवतं ते नेमकं नको तेव्हा, दात घासताना, जिना चढताना.

आज त्याला एका सहा मजली दवाखान्याची लिफ्ट तपासायची होती. मिस्त्री आधीच येऊन गच्चीवरच्या खोलीत यंत्रापाशी बसला होता. डब्यात वजनं भरली होती. याने कपड्यांवर निळा अंगरखा चढवला, आणि बाह्या सारख्या करताना बोटं शिवणीवर गेली आणि तिथेच थबकली. सफरीसाठी तिघांचे पावसाळी पोशाख थांब्याने शिवले होते. बाजारातले रेनकोट म्हणजे कागदी कारभार, असं म्हणून त्याने जाडं मेणकापड आणलं आणि तिघांची मापं घेतली. पहिल्या चाचणीतच लक्षात आलं की मेणकापड गळत नाही, पण सुईची भोकं गळतात. जितके टाके तितकी गळती. शिंप्याच्या हातून होणारी चूक ती हीच, पाऊस अडवायला निघाला आणि त्याला दर दीड सुतावर दार करून दिलं. मग थांब्याने निघण्याआधीच्या चार दिवसांत सगळ्या शिवणींवर आतून पट्टी चढवली आणि तिच्यावर मेण वितळवून बोटाने दाबून बसवलं. मास्तरचा झाला, याचा झाला, आणि स्वतःच्या पोशाखाची वेळ आली तेव्हा निघायची पहाट झाली होती. "मी शेवटीच आहे," तो म्हणाला होता, "मला कोण बघतंय?" त्या सबंध प्रवासात याच्या अंगाला पाण्याचा थेंब लागला नाही. पाऊस बाहेर बडवत होता आणि हा आत कोरडा ठणठणीत, मित्राच्या बोटांनी बसवलेल्या मेणात. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा त्याला हेच सहन होत नव्हतं.

"साहेब, सोडू का?" मिस्त्रीने वरून विचारलं. "थांब जरा," तो म्हणाला आणि उगाचच वजनं पुन्हा मोजली. सफरीत पहिल्या दिवसापासूनच काही सरळ घडलं नव्हतं. शहराबाहेर पडता पडता मास्तरचं चाक पंक्चर झालं. ज्याने नियम केले त्याच्यापासूनच सुरुवात. दुपारी थांब्याच्या गाडीची चेन उतरली. थांब्याची गाडी जुनी, वडिलांच्या वेळची. तिचं इंजिन चालू असेल तरच दिवा लागायचा, इंजिन बंद की दिवा बंद. मास्तरने नवी घे म्हणून किती सांगितलं होतं, पण थांब्या म्हणायचा, चांगली आहे, फक्त तिला माझी सवय आहे. दुसऱ्या दिवशी वारा असा सुटला की गाड्या तिरक्या धरूनच चालवाव्या लागल्या. मग पाऊस लागला तो लागलाच. आणि दर अर्ध्या तासाने आरशातला दिवा मागे मागे राहत जायचा आणि एका जागी थिजायचा, की समजावं, थांब्या थांबला. बुटातलं पाणी ओतायला. पिशवीची दोरी आवळायला. चष्मा पुसायला. तो थांबला की हा थांबायचा, मग मास्तर थांबायचा, वळून यायचा, घड्याळ बघायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत थांब्या नऊ वेळा थांबला होता. हे नऊ त्याने मोजले होते, नुसते मोजले नव्हते, प्रत्येकाला मनात एकेक शिवी दिली होती. डोंगर उतरून गेलं की ओढ्यावर एक बुटका पूल होता. त्यावरून पाच-साडेपाचनंतर पाणी जातं असं वाटेतल्या चहावाल्याने बजावून सांगितलं होतं. पुलापलीकडे लॉज, कोरडी गादी, गरम पाणी. नवव्या वेळेला थांब्या ओल्या चेहऱ्याने हसत म्हणाला होता, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो." मास्तर म्हणाला, "नियम म्हणजे नियम." आणि हा काहीच बोलला नाही, फक्त हेल्मेटची काच खाली ओढली. बोलला असता तर बरं झालं असतं. तोंडातून निघून गेलेला राग पायात उतरत नाही.

"सोड," तो म्हणाला. वर खटका पडला, डबा हात-दीड हात खाली घसरला आणि दोन्ही बाजूंचे ब्रेकचे जबडे रुळांना कडकडून चावले. सबंध इमारतीत एक दणका गेला. त्याचे गुडघे लवले, सरळ झाले, आणि मग सगळं शांत. "पकडला," मिस्त्री समाधानाने म्हणाला. डब्यात वजनांशेजारी उभं राहायची काहीएक गरज नसते, नियमात तर मनाईच आहे, पण गेल्या तीन आठवड्यांत तो दर वेळी आत उभा राहत आला होता आणि मिस्त्री वर असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याला तो क्षण पाहिजे असायचा, घसरणं आणि धरलं जाणं यांच्यामधला. तेवढाच वेळ तर होता तो. त्या दिवशी रस्ता सरळ उताराचा होता. दोन्ही बाजूंना झाडं, ऊन केव्हाच गेलेलं, चार-साडेचारलाच दिवेलागणीसारखा अंधार, आणि आरशात थांब्याचा पिवळट दिवा. तो एकदा फडफडला. मग गेला. मागे राहिला नाही, लहान झाला नाही, गेला. इतर नऊ वेळा थांब्या थांबला होता तेव्हा त्याचा दिवा लागलेलाच होता, कारण तो गाडी चालू ठेवूनच उतरायचा. बंद केली तर ती परत लागेल याचा त्यालाच भरवसा नव्हता. दिवा गेला म्हणजे गाडी मेली, हे त्याला त्याच क्षणी समजलं. बावीस वर्षं यंत्रं तपासणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याने ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, वेग उतरला. पुढे मास्तरचा लाल ठिपका दूर जात होता. आणि मनात एकच वाक्य आलं, स्वच्छ, शांत, जवळजवळ हिशेबी वाक्य: दहाव्यांदा नाही. मग पाय उचलला गेला. त्याने उचलला. "उचलला गेला" असं म्हणून तो अजून स्वतःची समजूत काढू बघतो, तेही त्याला ठाऊक आहे.

पूल ओलांडला तेव्हा पाणी कठड्याला लागलं होतं. लॉजच्या पत्र्याखाली मास्तरने हेल्मेट काढलं, याच्याकडे बघितलं, याच्या मागे बघितलं. "थांब्या?" "आत्ता तर होता आरशात," तो म्हणाला. इतकं सहज म्हणाला की त्याचं त्यालाच ते खरं वाटलं. मास्तर तसाच उलटा फिरला, पण पंधरा-वीस मिनिटांत पूल दिसेनासा झाला होता, लॉजच्या मालकाने आणि त्याच्या भावाने मास्तरला दोन्ही दंडांना धरून मागे ओढलं. फोनला रेंज नव्हती. मास्तर पहाटेपर्यंत दारात खुर्ची टाकून बसला. हा गादीवर पडून राहिला, गादी खरोखरच कोरडी होती. सकाळी दहाला पाणी उतरलं आणि लाकडं वाहणारा एक ट्रक पुलावरून आला. त्यातून थांब्या उतरला, उजवा हात गळ्यात बांधलेला, बांधायला पोशाखाचीच बाही फाडलेली. इंजिन लागेना म्हणून त्याने गाडी उतारावरून ढकलत आणली होती, चिखलात घसरला, आणि मनगट हँडलखाली सापडलं. पाठची रात्र रस्ता दुरुस्तीवाल्यांच्या रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये काढली. अंगावर कोरडं सूत नव्हतं, दात वाजत होते, आणि तो म्हणाला काय, तर "थोडा उशीर झाला." मास्तर त्याला धरून रडला. हा बॅग उचलायला पुढे झाला. हाताची दोन हाडं मोडली होती. प्लास्टर सहा आठवडे. अंगठ्याला पकड येईल की नाही, ते प्लास्टर काढल्यावरच सांगता येईल, असं डॉक्टर म्हणाले. शिंप्याला अंगठा नाही म्हणजे मग राहिलं काय? टाके तर यंत्रही घालतं. कापतो तो शिंपी.

त्यानंतर सगळ्यांनी मिळून त्याचा छळ मांडला तो चांगुलपणाने. मास्तर रोज फोन करायचा: चूक माझी, मी वेग वाढवला, मी वळून बघायला हवं होतं. मास्तरने सुधारलेले नियमही लिहून पाठवले, चौदा कलमांचे; त्यात कलम तीन होतं, पावसात आरसे भिजतात, सबब निव्वळ आरशावर विसंबू नये. याचा आरसा तर स्वच्छ होता. पुढे झुकून त्याने तो मिनिटभर आधीच अंगठ्याने पुसला होता. बायको म्हणायची, "तुम्ही का एवढं मनाला लावून घेता? दिसलं नाही ते नाही दिसलं." तो तिच्यावर खेकसायचा, मग खेकसल्याबद्दल भांडी घासायचा. तिला वाटायचं, मित्रावर जीव आहे बिचाऱ्याचा. थांब्याला भेटायला तो या तीन आठवड्यांत पाच वेळा गेला होता. पाचही वेळा सांगायचं ठरवून गेला आणि फळं देऊन परत आला. आणि थांब्या? त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं. याला तर मधूनमधून त्याचाच राग यायचा. माणसाने रागवावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे दुसऱ्याला उत्तर तरी देता येतं. हा नुसता म्हणायचा, ये, बस.

संध्याकाळी काम संपल्यावर तो घरी गेला, कपाटातून आपला पावसाळी पोशाख काढला, घडी घालून पिशवीत भरला आणि थांब्याच्या दुकानात गेला. दुकान म्हणजे दीड खण: पुढे काउंटर, मागे कापायचं लांब टेबल, भिंतीवर टाचणीने अडकवलेले कागदी आराखडे. टेबलावर करड्या कापडाचा थर पसरला होता, कुठल्याशा शाळेचे गणवेश. थांब्याची बायको दोन्ही हातांनी कात्री धरून उभी होती आणि थांब्या स्टुलावर बसून प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून डाव्या बोटाने रेघ दाखवत होता. "खडूच्या आतून नको, खडूवरून." "खडूवरूनच चाललेय." "तुझा खडू आणि माझा खडू वेगळा आहे का?" याला बघून वहिनींनी कात्री ठेवली, मनगट चोळलं. "या भावोजी. बघा, तुमच्या मित्राची मुकादमी. लग्नाला अठरा वर्षं झाली, एवढं बोलले नव्हते कधी." "बोलण्यासारखं कापत नव्हतीस," थांब्या म्हणाला. वहिनी हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. टेबलाच्या कडेला आधी कापलेला ढीग होता. बाहीचे तुकडे एकमेकांवर ठेवले तर बोटभर इकडेतिकडे होत होते. ते थांब्याने पालथे घालून ठेवले होते.

"पिशवीत काय आहे?" थांब्याने विचारलं. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? त्याने पोशाख काढून टेबलावर ठेवला. थांब्याने तो डाव्या हाताने उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवत गेला, खांदा, काख, बाही, सावकाश, इंच इंच. "गळला नाही ना कुठे?" "नाही." "काखेत शंका होती मला." "नाही गळला. कोरडा होतो मी." मग तो तसाच बोलत गेला, कारण थांबला असता तर बोलणं परत फळांवर गेलं असतं. "मला दिसलं होतं. तुझा दिवा गेलेला. आरसा भिजलेला नव्हता. मला दिसलं होतं आणि मी पुढे गेलो."

थांब्याचं बोट शिवणीवर थांबलं. आत वहिनींनी कपबश्या मांडल्याचा आवाज आला. "माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुझा ब्रेकचा दिवा लागला होता. लाल. रस्ता सरळ होता, चांगला दिसला." थांब्या पोशाखाची घडी घालू लागला, एका हाताने ती नीट बसेना. "गाडी बंद पडली तेव्हा मी म्हटलं, झालं, आता हे दोघं तोंड सोडणार. तेवढ्यात तुझा दिवा लागला. मी हात वर केला, इथे आहे म्हणून. हात वरच होता, आणि दिवा विझला."

त्याला वाटलं होतं, आपल्या पायाने काय केलं ते फक्त आपल्याला ठाऊक आहे. गेले तीन आठवडे ते गुपित त्याने छातीशी धरून सांभाळलं होतं. आणि त्या दिव्याने सगळं तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं, ज्याला सांगायला नको होतं नेमकं त्यालाच. थांब्यालाच तर तो ब्रेक दिसला होता, दाबलेला आणि सोडलेला. पाच वेळा आपण फळं घेऊन येत होतो तेव्हा हा हे सगळं माहीत असून ये, बस म्हणत होता, हे लक्षात आलं तशी त्याला शरम वाटली, आणि शरमेच्या तळाशी अजूनही, हट्टी, ओला असा राग होता: मग बोलला का नाहीस?

"मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला.

"तू बोलायचं होतंस," थांब्या म्हणाला. "मी थांबलो होतो." मग म्हणाला, "मास्तरला मात्र आजच सांग. तो रोज फोन करून स्वतःला बोल लावतो. त्याचं मला ऐकवत नाही."

"सांगतो."

"इथूनच लाव. माझ्यासमोर."

त्याने फोन काढून टेबलावर ठेवला. वहिनी चहा घेऊन आल्या, दोघांची तोंडं बघून काही न विचारता कप काउंटरवर ठेवले आणि कात्री उचलली. करड्या कापडाचं एक टोक टेबलावरून घसरत होतं. "रागावला आहेस माझ्यावर?" त्याने हळूच विचारलं. पन्नाशीच्या माणसाने विचारण्यासारखा प्रश्न नव्हता तो, पण विचारून झाला. थांब्याने प्लास्टरच्या टोकातून बाहेर आलेल्या आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तो हलवायचा प्रयत्न केला. अंगठा किंचित हलला, किंवा हलला नाही, सांगता येणार नाही.

"कात्री धरता आली की सांगतो," तो म्हणाला. "तोवर ते टोक धर. घट्ट धर, सोडू नको, तुझी वहिनी कापते आहे."